डोंगरजाईची प्रभावळ

मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास हिवरदऱ्याच्या डोंगरजाईची प्रभावळ भिंतीवरून निखळली. ती मूर्तीवर पडली नाही, कारण मध्ये विजयमाला होती.

देवीचं अंग पुसायला ती मूर्तीच्या मागच्या अंगाला वाकली होती. वरचा आकडा चुन्यासकट भिंतीतून बाहेर आला आणि माणसाच्या उंचीची, चांदीनं मढवलेली सागवानी फळी पुढं कलंडून तिच्या पाठीवर टेकली. एक हात देवीच्या खांद्याभोवती, दुसरा जमिनीवर, अशी ती वाकलेलीच राहिली. बाहेर हौदावर तिचा धाकटा दीर नाथा घागर भरता भरता मोबाइलवर बोलत होता. तिसऱ्या हाकेला तो आला आणि दारातच थबकला.

"वहिनी, हे काय वो?"

"झोका खेळतीय. धर की आधी!"

नाथानं फळी धरली, दोघांनी मिळून ती बाहेर सभामंडपात ओढत आणली आणि खांबाला टेकवून ठेवली. विजयमाला परत आत गेली. टॉर्च लावून तिनं देवीचं नाक पाहिलं, कान पाहिले, वर उचललेल्या हाताची बोटं एकेक चाचपली. सगळं जागेवर होतं. मग ती उंबऱ्यावर बसली आणि तिची पाठ दुखू लागली.

भंगलेल्या मूर्तीची पूजा होत नाही. नाक उडो की नख, ती पाण्यात सोडायची आणि नवी बसवायची. डोंगरजाई म्हणजे काही शेंदूर फासलेला धोंडा नव्हे. काळ्या दगडाची, नाकीडोळी नीटस मूर्ती आहे ती, आणि विजयमालेच्या सासरची गुरव मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिची पूजा करत आलेली. भावकीत पाळी वर्षावर्षानं फिरते. यंदाची विजयमालेच्या घरची. नवरा उजाडायच्या आत जीप घेऊन केजच्या रस्त्याला लागतो, त्यामुळं पाळी त्याच्या नावावर आणि काम हिच्या अंगावर. हिच्या पाळीत देवी भंगली, हे वाक्य तिनं जन्मभर ऐकलं असतं. ती मेल्यावर तिच्या लेकीनं ऐकलं असतं.

प्रभावळ पडायचं कारण गावात कोणालाही विचारायची गरज नव्हती. ते समोर चकाकत होतं.

मुळात ती फार देखणी चीज असणार. कमानीच्या मधोमध कीर्तिमुख, म्हणजे सुळे बाहेर काढलेलं, डोळे वटारलेलं तोंड. खाली दोन बाजूंना दोन मकर. त्यांच्या जबड्यांतून निघालेली वेल वळसे घेत वर चढते आणि कीर्तिमुखाच्या जिभेखाली एक होते. वेलीच्या वळणावळणात पोपट, कडेनं मोत्यांसारख्या दाण्यांची दुहेरी रांग. सगळं मागून ठोकून उठवलेलं काम. पण हे सगळं सांगायचं, पाहायचं नाही. कारण दुसऱ्या गावात नवसाचे चांदीचे डोळे देवीपुढं ठेवतात, हिवरदऱ्यात ते प्रभावळीवर ठोकतात. आपलं काहीतरी देवीच्या पाठीशी असावं आणि दर्शनाला आल्यावर ते आपल्याला दिसावं, अशी इथली रीत. आजोबांनी ठोकलं, बापानं ठोकलं, मग नातवानं दोघांच्या मध्ये जागा शोधून ठोकलं. डोळे, पाळणे, हात, पाय, बैल. अलीकडं बोअरचा पंप आणि ट्रॅक्टर. अंबाजोगाईला मेडिकलला नंबर लागला म्हणून एकानं स्टेथोस्कोप लावला, त्याच्या नळ्या डाव्या मकराच्या गळ्यात पडल्या आहेत. कीर्तिमुखाला आता किती डोळे आहेत ते कोणी मोजलेलं नाही.

दुपारी केजहून अर्जुनराव सोनार आले. नवसाची चांदी ठोकायचं काम त्यांच्याच घराकडं आहे. त्यांनी फळी पालथी करून बघितली, नखानं लाकूड उकरलं, आणि भुसा बोटावर घेऊन विजयमालेला दाखवला.

"चांदीला कायबी झालं न्हाई. लाकूड गेलं. खिळ्यांनी चाळण केली ह्याची."

"खिळे कुणी ठोकले?"

"लोकांनी सांगितलं, आमी ठोकले." अर्जुनरावांनी भुसा झटकला. "आता निम्मं वजन उतरवा. जुनं काम राहू द्या, वरचं सगळं काढून एका काचंच्या पेटीत लावू, देवीपुढंच ठेवू. मग मी नवी फळी करून देतो. तसं न्हाई केलं तर मी आकड्याला हात लावणार न्हाई. परत पडली तर नाव माझं."

"मग काढा की. आत्ताच काढा."

"असं कसं? ज्याचं त्यानं येऊन मला सांगावं. नवसाचं हाय ते, बाई. कुणाच्या तोंडाला लागायचं?"

"तुमच्या वडलांची नथ हाय ना वर? तिच्यापासून करा सुरुवात."

अर्जुनरावांनी प्रभावळीवरची नथ बघितली, मग घड्याळ बघितलं. "वडलांची हाय. माझी असती तर काढली असती," म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

बुधवारी संध्याकाळी आरतीनंतर सभामंडपात बैठक बसली. अध्यक्षस्थानी विजयसिंह दादा. ट्रस्टचे अध्यक्ष तेच, आणि यंदा सोसायटीचे चेअरमनही तेच झालेले. विजयमालेनं सगळं सांगितलं: आकडा कसा निघाला, फळी कशी पोकळ झालीय, सोनार काय म्हणाला. आणि मूर्ती कशी थोडक्यात वाचली, हे तिनं दोनदा सांगितलं. लोक हळहळले. बायकांनी हात जोडले. वजन कमी झालंच पाहिजे, यावर एकाचंही दुमत नव्हतं.

"बरोबर हाय पोरीचं," पुढं बसलेल्या साखराबाई म्हणाल्या. "लई वजन झालंय. आदी ती बंकटाची मेंढी काढा. केवढी घातलीय, खऱ्या कोकराएवढी!"

बंकट मागं खांबाला टेकून बसला होता. मेंढरं राखणारा गडी, आवाज माळावर घुमवायची सवय. "मेंढी काढा मनती! रोगाच्या सालात माझं एक जित्राब मेलं न्हाई, त्याची मेंढी हाय ती. तुमचे डोळे काय फुलाचे हाईत का, मावशी? दोन जोड्या लावल्यात!"

"एक माझी, एक माझ्या मालकाची."

"मालक वारले की तुमचे."

"वारले, पर डोळं शाबूत ठेवून वारले!"

सभामंडप हसला. विजयमाला हसली नाही. "मावशी, तुमचे तरी काढू का? पेटीत लावते, समोर ठेवते. रोज दिसतील."

"काढले आन मला दिसंना झालं तर? तू हात धरून परसाकडं नेशील का मला?"

"तुमचा मोतीबिंदू अंबाजोगाईच्या डॉक्टरनं काढला. भिंग तुमच्या डोळ्यात बसवलंय, प्रभावळीत न्हाई."

"आन डॉक्टरला बुद्धी कुणी दिली?"

तेवढ्यात बंकटनं नवा मुद्दा काढला. "आन पित्तरपाट चालू हाय. ह्या दिवसांत काम कुणी सुरू करतं का?"

"बंकट दादा, हे सुरू करणं न्हाई. काढणं हाय."

"काढायचं म्हटलं तरी सुरू करावंच लागंल की."

लोकांनी माना डोलावल्या. विजयमालेनं कपाळावर हात मारून घ्यायचा म्हणून उचलला आणि पदर नीट करून खाली घेतला. शेवटी विजयसिंह दादा उठले. कोणाच्याही भावना न दुखावता, सर्वांच्या संमतीनं प्रभावळीचं वजन कमी करावं असं ठरलं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. प्रसाद वाटला. घरी जाता जाता नाथानं विचारलं, "वहिनी, म्हणजे ठरलं काय?"

"टाळ्या वाजवायचं ठरलं."

शुक्रवारी तिनं अर्जुनरावांना परत बोलावलं. ज्याचं त्यानं येऊन सांगावं, असं तेच म्हणाले होते. प्रभावळीवर, उजव्या बाजूच्या तिसऱ्या वळणात, विजयमालेचा स्वतःचा पाळणा होता. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. मग संस्कृती झाली, तेव्हा सासूनं तो लावला होता. संस्कृती आता अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. "हा माझा. काढा," विजयमाला म्हणाली. बघायला निम्मं गाव जमलं होतं, ते तिला हवंच होतं. एकानं काढला की दुसऱ्याची भीड चेपते, असा तिचा हिशेब.

अर्जुनरावांनी पक्कड लावली. खिळा करकरत निघाला. पाळण्याखालची चांदी काळीनिळी पडलेली. त्यांनी रिठ्याच्या पाण्याचा बोळा फिरवला आणि वेलीच्या आडून एक बाई निघाली. करंगळीएवढी. एक पाय दुमडून बसलेली, मोकळे केस एका खांद्यावरून पुढं घेतलेले, कानात झुबे, गळ्यात तीन पदरी माळ आणि माळेचा मणी न्‌ मणी वेगळा. एका हातात फणी. दुसऱ्या हातात आरसा असणार, पण तिथं भोक होतं. खिळा बरोबर आरशातून गेला होता.

विजयमाला बघतच राहिली. पस्तीस वर्षं या गावात, दर पाळीला पहाटे या फळीपुढं, आणि ही बाई आधी काजळीमागं, मग पाळण्यामागं केस विंचरत बसलेली.

"कोण हाय ती?" मागून बंकट.

"देवीची बहीण आसंल," साखराबाई म्हणाल्या.

"देवीला बहीण कुठं हाय?"

"मग दासी आसंल. काय रे, सोन्या-चांदीच्या दासी नसत्यात का?"

"कुणीबी असू द्या," विजयमाला वळून म्हणाली, "तुमच्या मेंढीखाली काय हाय ते बघायचंय का? मावशी, तुमच्या डोळ्यांखाली? एवढं बारीक काम, न्‌ आपण त्याच्यावर खिळे मारत बसलोय!"

दोघंतिघं जरा चुळबुळले. एक म्हातारा तर फळीवरचे आपले चांदीचे पाय दाखवून, "हे काढले तर चालतील का," असं अर्जुनरावांना विचारू लागला. पण त्याच्या सुनेनं, "गुडघे दुखतात ना अजून, मग गप बसा," म्हणून त्याला घरी नेलं. तरी विजयमालेला वाटलं, उद्या-परवाकडं पाच-सात तरी येतील.

शनिवारी सकाळी संस्कृतीला ताप आला.

ही बातमी विजयमालेला कळायच्या आधी गावाला कळली. नाथाच्या बायकोला संस्कृतीचा मेसेज आला होता, आणि पुढचं काम आपोआप झालं. विजयमाला देवळातून घरी येईपर्यंत ओट्यावर चार बायका बसलेल्या. सगळ्यांचे चेहरे पडलेले आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडावर.

तिनं फोन लावला. "काय गं, किती ताप हाय?"

"एकशे एक होता, आता उतरलाय. गोळी घेतलीय. आई, अख्ख्या होस्टेलला ताप हाय, डासांनी नुसता उच्छाद मांडलाय. तू काहून रडल्यासारखी बोलतीस?"

"रडत न्हाई. संतापलीय. हे एकदा स्पीकरवर बोल."

संस्कृती स्पीकरवर बोलली. सगळ्या होस्टेलला ताप आहे, असं तिनं ठासून सांगितलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग साखराबाई उठल्या आणि विजयमालेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एका पाळण्यापायी सगळ्या होस्टेलला झाला बघ."

दुपारी म्हाताऱ्याची सून येऊन सांगून गेली की पाय काढायचा विचार नाही. बंकटनं निरोप धाडला की मेंढीला हात लावाल तर आपण ट्रस्टच्या ऑफिसपुढं मेंढरं आणून बसवू. संध्याकाळी नवरा केजहून आला. त्यालाही जीपमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. तो जेवता जेवता म्हणाला, "अगं, लावून टाक तो पाळणा परत. पोरीचा प्रश्न हाय."

"पोरगी मेथीची भाजी खातीय ह्या घडीला. आत्ताच फोटो आलाय."

"तरीबी."

विजयमालेनं त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

रविवारी, सर्वपित्री अमावस्येला, विजयसिंह दादा देवळात आले. बरोबर एक वेल्डर, दोन लोखंडी अँगल आणि मखमली डबी. चेअरमन झालो तर देवीला वाहीन, असं बोललो होतो, म्हणाले आणि डबी उघडली. आत चांदीची खुर्ची. तळहाताएवढी, चार पाय, दोन हात, पाठीवर वेलबुट्टी, वर छोटा कळस.

"ही कीर्तिमुखाच्या डोक्यावर. मध्यावर. उद्या घट बसायच्या आधी," दादा म्हणाले. "आन वजनाची काळजी तुमी सोडा. खालून अँगल देऊ, हत्ती टांगला तरी हलणार न्हाई."

"अँगल भिंतीला धरंल, दादा. पण फळी? खिळ्यांनी पोकळ झालीय ती. सोनार सांगून गेलाय. ती मधनं मोडली की वरचा निम्मा भाग सरळ देवीच्या डोक्यात."

"इतकी वर्षं न्हाई मोडली."

"इतकी वर्षं खुर्ची नव्हती."

वेल्डरनं तोंड फिरवून खोकला काढला. दादांचा चेहरा ताणला, पण आवाज मऊच राहिला. "वहिनी, तुमची पाळी हाय म्हणून तुमी बोलता, मला कळतं. पण देवी नवरात्रात उघड्या पाठीनं बसवायची? पंचक्रोशी येती दर्शनाला. लोक काय मनतील?"

"भंगल्यावर काय मनतील?"

"ते तुमी वाईट बोलताय."

"मी पाठीवर घेतली होती ती फळी. मला माहीताय किती वजन हाय. तुमी एकदा घेऊन बघा."

दादांनी फळी पाठीवर घेतली नाही. पण विजयमाला गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि तिथून उठली नाही, त्यामुळं अँगलही आत गेले नाहीत. तासाभरानं कोणीतरी म्हणालं, आपल्याच आपल्यात कशाला, देवीलाच विचारा. हे सगळ्यांना पटलं. दादांना पटलं, कारण देवी आपल्या बाजूची आहे याची त्यांना खात्री होती. विजयमालेनंही मान हलवली. माणसांशी बोलून तिचा जीव आंबला होता.

सोमवारी सकाळी घटस्थापनेआधी कौल लावला. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न विजयसिंह दादांनीच मोठ्यानं विचारला: "आई, तुझ्या प्रभावळीवरचं नवसाचं उतरवावं का?"

गर्दी सभामंडपाबाहेर झाडाखालपर्यंत गेलेली. पोरांना दटावून गप्प केलं होतं. फार वेळ लागला नाही. उजवी पाकळी सुटली, देवीच्या हातावरून घसरली आणि पाटावर पडली.

विजयमालेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ती म्हणाली. "आता तरी बघा."

मग बंकटचा माळावरचा आवाज आला. "पंखा चालू होता बे!"

सगळ्यांनी वर पाहिलं. गाभाऱ्याच्या दारावरचा पंखा खरंच फिरत होता. मागच्या वर्षी ट्रस्टनं बसवलेला.

"तो रोजच चालू असतो!" विजयमाला ओरडली. "आन वारा दोन्ही पाकळ्यांना लागतो. डावी का न्हाई पडली मग?"

"पंख्याचा वारा उजवीकडनं जास्त येतो," साखराबाई म्हणाल्या. "मी रोज बसते हितं. मला माहीताय."

"देवीला पंख्याचा अडथळा होतो का, मावशी?"

"देवीला न्हाई गं. पाकळीला होतो."

दादा म्हणाले, कोणाच्या मनात किंतू राहायला नको, परत लावू. विजयमालेनं हात जोडले, पाया पडते म्हणाली, एकदा दिलेला कौल परत विचारत नसतात म्हणाली. ते खरं होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. नाथानं खाली मान घालून पंख्याचं बटण बंद केलं. दुसऱ्या पाकळ्या आणल्या. या वेळी त्या ओल्या करायचं काम विजयमालेला दिलं नाही, पक्षपात नको म्हणून. साखराबाईंनी त्या आपल्या हातानं बुडवल्या आणि अंगठ्यानं दाबून दाबून लावल्या.

"मावशी, चिकटवताय का शिवताय?"

"पडायच्या असत्याल तर पडतील."

कोणाच्या श्वासाचा वारा लागू नये म्हणून गाभाऱ्याचं दार लोटून घेतलं. आत फक्त विजयमाला, दादा आणि साक्षीला साखराबाई. समई मोठी केली. उकाडा वाढत गेला. दादांच्या मांडीवर मखमली डबी, कपाळावरून घामाची धार. बाहेर फळी खांबाला टेकलेली. तिच्यावर बंकटची मेंढी, साखराबाईंच्या दोन जोड्या, सोनाराची नथ, आणि पाळण्याच्या जागी हातात भोक घेतलेली ती बाई. अंगणात वेल्डर अँगलवर बसून चहा पीत होता. अर्जुनरावांचा फोन आला, तेव्हा नाथानं त्यांना, "अजून काय न्हाई," एवढंच सांगितलं. बाहेर कुणीतरी विचारलं, घट केव्हा बसवायचे. मुहूर्त बारापर्यंत होता.

साडेबाराला साखराबाईंनी जांभई दिली. दादांनी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. विजयमालेची नजर एकदा उजव्या खांद्यावर जात होती, एकदा डाव्या, आणि मध्ये देवीच्या नाकावर.

सोमवारी दुपारी दीडपर्यंत दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या.